वैरणवाल्याचं पित्त

अंगठा छातीच्या मधोमध टेकवून तो वरून खाली चोळायचा, म्हशीच्या कपाळावरचा चिखल निपटावा तसा. मग तोंड वर करून, ओढूनताणून एक ढेकर काढायचा आणि म्हणायचा, "पित्त हाय वो नाना. दुसरं काय न्हाय."

ढेकर नाहीच आला, तरी आला असं धरून चालायचा.

असं छाती चोळणारं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. घरात असेल, शेजारी असेल. पाहिलं असेल तर त्याच्याकडं बघत हे वाचा.

तो माझ्या गोठ्याला वैरण आणायचा. गडमुडशिंगीच्या बाजूनं हिरव्या मक्याचे भारे, हंगामात उसाचं वाडं. टेम्पो स्वतःचा. वय चौतीस. अंगानं भरलेला, आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी बोलला तर गोठ्यात ऐकू यावं. माझ्या चारी म्हशींना तो वैनी म्हणायचा. "सरा वैनी, जेवण आलंया." गालात तंबाखू-सुपारीचा मावा कायम. मावा नसला की बोलणं स्पष्ट यायचं, म्हणून ते वर्षातनं दोनदाच स्पष्ट ऐकलं.

त्याचा बाप एकेचाळिसाव्या वर्षी गेला. उसाच्या फडात मोळी उचलता उचलता खाली बसला, तो उठलाच नाही. लोक म्हणाले, ऊन लागलं. ते महिने थंडीचे होते, पण कुणी तेवढा विचार केला नाही. मीही नाही.

आता माझं सांगतो. शाळा चौथीपर्यंत. पण पन्नास वर्षं संध्याकाळी म्हशी चौकात आणून, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार काढून देतोय. दुधात पाण्याचा थेंब पडलेला कुणी दाखवावा. माझ्या दुधावर पैलवान झाले. शहात्तरी ओलांडली, दवाखान्याची पायरी चढलो नाही, आणि हे मी भेटेल त्याला सांगायचो.

तो संध्याकाळी चौकातल्या माझ्या दुधाच्या कट्ट्यावर यायचा. "नाना, आग पडलीया आत. मारा एक धार."

मी त्याला मोठा पेला द्यायचो, फेसासकट. "पित्ताला याच्यासारखं औषध न्हाय," असं चार लोकांत म्हणायचो. तो कट्ट्यावर टेकायचा, सावकाश प्यायचा, मिशीवरचा फेस पुसायचा. खरंच बरं वाटायचं त्याला. "गेली बगा," म्हणायचा. माझी मान ताठ व्हायची. तो घटकाभर बसला म्हणून जळजळ थांबत होती. मला वाटायचं, दुधानं थांबती.

दिवाळीला तो दोन भारे एकदम खांद्यावर घ्यायचा. संक्रांतीला एकच घ्यायला लागला. होळीच्या सुमाराला एक भारा दारातनं गव्हाणीपर्यंत नेताना मधी थांबायचा. तीस पावलं असतील. थांबला की म्हशीला दम भरायचा, म्हणजे आपल्याला वाटावं तिच्यासाठी थांबलाय.

"काय रं, भारा जड झाला?" मी विचारलं.

"मक्याला खत जास्त पडलंय नाना. त्येचा बोजा वाढलाय."

आम्ही दोघंही हसलो. त्याच्या कपाळावर घाम होता आणि सकाळचे सात वाजले होते.

मध्येच त्याचा डावा जबडा दुखायला लागला. तो जाऊन दाढ काढून आला. दाढ गेली, दुखणं राहिलं. मला म्हणाला, "त्यानं चुकीची काढली वाटतं." परत जाऊन दुसरी काढायच्या विचारात होता.

एक दिवस त्याची बायको गोठ्यावर आली. पदर हातात पिळत उभी राहिली. "नाना, तुमी एकदा सांगा त्यास्नी. छाती दाखवून या म्हणावं. मामंजींचं असंच झालतं. माझं ऐकत न्हाईत, तुमचं ऐकतील."

"सांगतो की," मी म्हणालो.

सांगितलं नाही. आज उद्या करत राहिलो. सांगायचं तर चौकात कबूल करावं लागलं असतं, की हे माझ्या दुधानं जाणारं दुखणं नव्हे.

पुढं तालमीच्या पोरांनी हृदय तपासणीचं शिबिर ठेवलं. फुकट. माझ्या कट्ट्याच्या समोरच. तरणी डॉक्टरीण होती, आवाज बारीक पण बोलणं करडं. रांगेतल्या पोरांना सांगत होती, "ज्याचा बाप लवकर गेलाय त्यानं चाळिशीची वाट बघायची नाही. आत्ताच तपासायचं. आणि तो मावा आधी थुंकून या."

तो रांगेत उभा होता. बायकोनं शपथ घातली असावी. मावा थुंकला होता, सदरा इस्त्रीचा होता, आणि मुलगी बघायला आल्यासारखा अवघडून उभा होता. त्याच्या पुढं चौघं होते. मी मोजले, कारण माझी गिऱ्हाइकं त्या रांगेत गेली होती आणि मला राग आला होता.

मी कट्ट्यावरनं हाक मारली, "काय रं, म्हातारा झालास का काय? का बायकूनं धाडलंय?"

रांग हसली. कुणीतरी म्हणालं, "पावणं, पदर घ्या डोक्यावर." तोही हसला. कान लाल झाले त्याचे. डॉक्टरणीनं मान वर करून बघितलं, तोवर तो रांगेतनं बाहेर पडला होता. सरळ माझ्याकडं आला.

"द्या नाना, मोठा पेला."

मी दिला.

दोन आठवड्यांनी टेम्पो मुडशिंगीच्या रस्त्याला कडेला उभा सापडला. नीट बाजूला घेतलेला, हँडब्रेक ओढलेला, भारे बांधलेले. मागनं येणाऱ्याचा रस्ता त्यानं अडवला नाही. तो स्टिअरिंगवर डोकं टेकून होता. ज्याच्या शेतातनं वैरण भरली तो सांगत होता, पित्त झालंय म्हणाला, लिंबू-सोडा पिऊन निघाला.

मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. मला बघून एवढंच विचारलं, "नाना, सांगितलंसा काय त्यास्नी?"

"सांगितलं," मी म्हणालो.

"मग ऐकलं न्हाईत," ती म्हणाली.

पन्नास वर्षांत मी दुधात पाणी घातलं नाही. ते त्या दिवशी बोलण्यात घातलं.

त्याचा धाकटा भाऊ कुरुंदवाडला दुकानात कामाला होता. ते सोडून त्यानं टेम्पो धरला. वय एकोणतीस. तसाच भरलेला, तोच आवाज. पहिल्या दिवशी भारे घेऊन आला, तेव्हा मी आतनं कडी घातली.

"आधी दवाखान्याचा कागद दाव. मग वैरण."

"नाना, डोस्कं फिरलंय काय तुमचं? मी एकोणतीसचा हाय."

"तुझा बाप गेला, भाऊ गेला. आता कुणाची वाट बघायलास?"

"मला काय धाड भरलीया? अन् तुमीच म्हनतासा की दवाखाना नको म्हणून."

त्याचं खोटं नव्हतं. गल्लीत हसणारे हसले. मी कडी काढली नाही. तीन दिवस तो हॉर्न वाजवून गेला आणि मी दुसरीकडनं हातगाड्यावर वैरण ओढून आणली. म्हशी अर्धपोटी राहिल्या. दूध आटलं.

चौथ्या दिवशी टेम्पो आला, पण हॉर्न वाजला नाही. इंजन चालू, कुणी उतरत नाही. मी काठी टाकून धावलो. तो स्टिअरिंग धरून बसला होता. जिवंत. डावीकडं खाली बघत होता.

"दादाच्या चपला," तो म्हणाला. "गाडी चालवताना काढून ठेवायचा. घरी न्यायला हात होईना."

मी दार धरून उभा राहिलो. मग म्हटलं, "शिबिराच्या रांगेत होता तो. चौघं राहिले होते. मी हसून बाहेर काढला त्याला."

तो माझ्याकडं बघत राहिला. मी नजर खाली घातली नाही. शिवी दिली असती तर घेतली असती.

त्यानं पलीकडचं दार आतनं उघडलं. मी वळसा घालून चढून बसलो.

"वैनीला तुमी सांगायचं," तो म्हणाला.

"सांगतो. आधी दवाखाना."

गाडी निघाली. खाली पाय ठेवायला जागा तेवढीच होती आणि तिथं त्या चपला होत्या. उतरेपर्यंत मी पाय वर धरून बसलो.