खांद्याचं सांगा

"बरं हाय ते कळलं. आता खांद्याचं सांगा."

कलबुर्गीच्या आमच्या दवाखान्यात, फिजिओथेरपीच्या खोलीत, हे वाक्य मी रोज ऐकत होते. पेशंट आला की आमचे थोरले फिजिओथेरपिस्ट अण्णा खुर्ची सोडून एक बुटकं स्टूल ओढायचे. पेशंट वर, अण्णा खाली, पेन खिशात. मग विचारायचे, कसं काय? समोरचा म्हणायचा, बरं हाय. आपल्याकडं हे उत्तर ठरलेलंच असतं. तापानं फणफणलेला माणूसही दारात आलेल्या पाहुण्याला बरं हाय म्हणतो, आणि त्यात त्याला खोटं बोलल्यासारखं वाटत नाही. तुमच्याही घरात असंच असेल. अण्णा त्या उत्तराला मान हलवायचे, थोडं थांबायचे आणि मग हे वाक्य म्हणायचे.

ते आळंद तालुक्यातल्या मादन हिप्परग्याचे. बसवण्णांना मानणारं लिंगायत घर. आईशी कन्नड, गल्लीत मराठी, बाजारात दखनी उर्दू, आणि बोलता बोलता कुठली भाषा कुठं संपली ते त्यांचं त्यांनाही कळायचं नाही. मी औराद तालुक्यातल्या चिंताकीची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी एका म्हाताऱ्याला इंग्रजी कागदावरचं मराठी करून विचारलं, आपणांस दैनंदिन कामांमध्ये कितपत बाधा जाणवते? म्हातारा माझ्याकडं बघतच राहिला. अण्णा मागून हळूच म्हणाले, "परीक्षा कामून घ्यायलीस त्याची?"

अण्णा बरीच वर्षं आखातात एका दवाखान्यात होते. खांदा धरलेल्या माणसाचं जगणं कसं चाललंय हे मोजायची एक प्रश्नावली असते. रात्री त्या कुशीवर झोपता येतं का, सदरा घालता येतो का, दुखण्यानं जीव उदास होतो का, असे प्रश्न. उत्तरांना गुण द्यायचे आणि त्यावरून पुढचा उपचार ठरवायचा. मूळ इंग्रजी प्रश्नावली तिथल्या लोकांसाठी अरबीत आणून तपासायचं काम चाललं होतं, त्यात अण्णा होते. अरबी ते पेशंटांकडूनच शिकले.

तिथला एक मेंढपाळ त्यांच्या मनातून कधी गेला नाही. काहीही विचारा, तो म्हणायचा, अल्हम्दुलिल्लाह. झोप? अल्हम्दुलिल्लाह. दुखणं? अल्हम्दुलिल्लाह. कागदावर सगळीकडं 'त्रास नाही' लागलं. उठताना त्याच्या डोक्याचं फडकं घसरलं. ते त्यानं तसंच मानेवर राहू दिलं आणि मुलगा येऊन नीट करीपर्यंत भिंतीला टेकून उभा राहिला. अण्णा म्हणायचे, "त्यो देवाचं आभार मानायला होता, आन् आम्ही त्याचा खांदा लिहायलो होतो." तेव्हापासून ते आधी आभार मानू द्यायचे.

परत आल्यावर त्यांनी बघितलं, आमच्या दवाखान्यात कागद इंग्रजीत नाहीतर कन्नडात. भालकी, औराद, आळंदकडचा मराठी माणूस आला की ड्यूटीवर जो असेल तो तोंडी काहीतरी करून विचारायचा. दहा जणांनी विचारलं तर दहा प्रकारचे प्रश्न. त्या गुणांना काही अर्थ नव्हता, आणि त्यावरूनच कुणाला पुढं मोठ्या तपासणीला पाठवायचं ते ठरत होतं. अण्णा म्हणाले, आपल्या माणसासाठी आपण करायचं.

रीत अशी असते. दोघांनी वेगवेगळं मराठीत आणायचं. तिसऱ्यानं मूळ कागद न बघता ते उलटं इंग्रजीत न्यायचं. मग सगळ्यांनी बसून जुळवायचं. मराठीत आणणाऱ्यांत एक मी होते, आणि मला त्याचा अजून अभिमान आहे. बसलो की भांडणं व्हायची. मूळ कागदावर टेनिस होतं, पोहणं होतं. अण्णांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "आमच्या गावात टेनिसवाला घावला तर मला बी दाखवा." अरबीत त्यांनी नमाजात जमिनीवर हात टेकून उठण्याचं घातलं होतं. इथं आम्ही भाकरी थापणं घातलं, फळीवरचा डबा काढणं घातलं, बसमधली वरची दांडी धरणं घातलं. मी डोक्यावर पदर घेण्याचं सुचवलं. तो प्रश्न पहिल्यांदा भालकीच्या एका ऊसवाल्याला गेला. तो म्हणाला, "मी पदर घेत न्हाई बाई, तुला काय लिहायचं ते लिही." मग तिथं पदर किंवा टॉवेल असं आलं.

गुणांचंही तसंच. शून्य ते दहा म्हटलं की म्हातारी माणसं गप्प व्हायची. अण्णांनी विचारलं, रुपयात किती आणे दुखायलंय? लगेच उत्तर यायचं, बारा आणे. आण्यांचं नाणं बाजारातून कधीच गेलं, पण दुखण्याचा हिशोब अजून त्याच्यातच चालतो.

खरी अडचण शेवटच्या फेरीत आली. प्रश्नावली भरवशाची आहे की नाही हे बघायला त्याच माणसाला काही दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा विचारायचे असतात. मधे खांदा तसाच असेल तर उत्तरंही तशीच यायला हवीत. आमच्याकडं आली नाहीत. दुसऱ्या खेपेला जो तो बरा झालेला. बारा आण्याचे चार आणे. आकडेवारी बघणारे तरुण सर कॉलेजातून यायचे, ते म्हणाले, ही माणसं वगळा, नवी घ्या.

अण्णा वगळायला तयार झाले नाहीत. भालकीजवळच्या एका गावात ते स्वतः गेले, मला घेऊन. दोन्ही खेपांना उत्तरं दिलेल्या तिथल्या एका बाईला त्यांनी सरळ विचारलं, आधी झोप लागत नाही म्हणालीस, नंतर लागते म्हणालीस, हे कसं? ती बाई उभी राहिली. म्हणाली, "आधी चुकलं असंल माझं, अण्णा. तुमी परत विचारलासा, मला वाटलं तुमाला बरं वाटलं न्हाई."

अण्णा त्या घराच्या ओट्यावर टेकले. मग मला म्हणाले, आपल्यात मोठ्यानं तीच गोष्ट पुन्हा विचारली तर त्याचा अर्थ, पहिलं उत्तर आवडलं नाही. मग माणूस गोड उत्तर देतो. सगळी फेरी त्यांनी पहिल्यापासून घेतली. आता सुरुवातीलाच सांगायचं, हे दोनदा विचारणार आहे, पहिलं चुकलं म्हणून नाही, आमचा कागद तपासायला. सर चिडले, कारण कामाची मुदत गेली. अण्णांनी त्यांना चहा पाजला आणि फेरी तशीच घेतली. उत्तरं जुळली.

या सगळ्यात एक माणूस राहिलं होतं. त्यांची आई.

गावात सगळे त्यांना अव्वा म्हणायचे. अण्णा आखातात असताना रोज फोनवर विचारायचे आणि अव्वा म्हणायच्या, बरं हाय अप्पा. लेकाला त्या लाडानं अप्पा म्हणायच्या. व्हिडिओवर बोलताना फोन नेहमी डाव्या हातात. अण्णांच्या ते लक्षात आलं होतं. त्यासाठीच ते नोकरी सोडून आले, हे त्यांनी मला एकदा बसमध्ये सांगितलं. आल्यावर विचारलं तर तेच, बरं हाय. खांदा बघू दे म्हटलं तर त्या उठून आत जायच्या. मी म्हटलं, तुम्हाला दिसतंय ना, मग करा की उपचार. ते म्हणाले, "दिसायलंय ग. पण तिनं सांगितल्याबिगर हात कसा लावू? माय हाय ती."

म्हणून त्यांनी मला गावी नेलं. आई लेकाला सांगत नाही ते परक्या पोरीला सांगेल, असा त्यांचा हिशोब. घरचं माणूस जवळ नसावं असा आमचा नियमच होता. अण्णा बाहेर लिंबाखाली बसले. आत मी अव्वांच्या पायाजवळ बसले आणि सगळे प्रश्न विचारले, एकेक करून. झोप, केस विंचरणं, फळीवरचा डबा, भाकरी. त्या सगळं लक्ष देऊन ऐकायच्या आणि म्हणायच्या, बरं हाय. मी अण्णांसारखं म्हणून बघितलं, ते कळलं अव्वा, आता खांद्याचं सांगा. त्या हसल्या. मग दाराकडं बघून हलक्या आवाजात बोलल्या.

"त्यो तिकडं असताना तूर बडवताना गेलाय ह्यो खांदा. गडी लाव म्हणायला होता, मी लावला न्हाई. आता सांगितलं तर त्यो म्हणंल, मी गेलो म्हणून झालं. जल्मभर तेच घेऊन बसंल. तू लिही, बरं हाय."

मी तेच लिहिलं. जे माणूस लिही म्हणतं ते लिहायचं, हे मला अण्णांनीच शिकवलं होतं.

परतताना आळंदपर्यंत ते दवाखान्यातल्या कामाचंच बोलत होते. मग विचारलं, "बरं हाय म्हणली न्हवं?" मी म्हटलं, व्हय. ते खिडकीतून बघत राहिले. म्हणाले, सांगंल. घाई न्हाई.

पण वेळ नव्हता. त्यानंतरच्या उन्हाळ्यात अण्णा गावी गेले असताना सकाळी उठलेच नाहीत. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. आमची प्रश्नावली तोवर दवाखान्यात वापरात आली होती.

आम्ही सगळे जीप करून गेलो. त्यांच्यात गेलेल्या माणसाला बसतं करतात. अण्णांना भिंतीला टेकवून चौरंगावर बसवलं होतं, गळ्यात फुलं, कपाळ अजून कोरं. डोळे मिटलेले. आपण काही बोललो तर ऐकतील असं वाटत होतं. विभूती आधी आईनं लावायची होती. अव्वांना दोघींनी धरून आणलं. त्यांनी उजव्या हाताच्या चिमटीत विभूती घेतली आणि हात उचलला. हात छातीशी थांबला. डाव्या हातानं त्यांनी कोपर वर ढकललं. तरी नाही. धाकटी सून पुढं झाली, मी लावते अव्वा, म्हणाली. त्यांनी मान हलवून तिला थांबवलं.

"हात वर येईना रे अप्पा," त्या म्हणाल्या.

चिमूट तशीच धरून त्या अण्णांकडं वाकल्या.

"लई दिस झालं, दुखायलंय. रात्री ह्या कुशीवर पडता येत न्हाई. केस सून विंचरती. फळीवरचा डबा मागावा लागतो. भाकरी थापायची सोडली मी, तुला ठाव न्हाई."

मी विचारलेले सगळे प्रश्न त्यांच्या ध्यानात होते. त्याच क्रमानं, एकही न सोडता, त्या लेकाच्या तोंडाकडं बघत उत्तरं देत राहिल्या, आणि चिमटीतली विभूती अण्णांच्या मांडीवर सांडत राहिली.