दुखणं थांबलं तो दिवस

शेंदूरजनाघाटले संत्र्याचा तोडा चालू होता. आमचं लग्न होऊन पाचेक वर्षं झाली असतील. बायकोच्या बोटात संत्र्याचा काटा मोडला. मी सुईने काढला, पण थोडा आत राहिला असावा. दुसऱ्या दिवशी बोट लाल, सुजलेलं, सारखं ठणकणारं.

आमच्याकडे सूज पिकवायची रीत. जवस वाटून गरम पोटीस बांधायची, पू धरला की फोडायचं. चार दिवस मीच बांधली. तिचा भाऊ म्हणाला, डॉक्टरले दाखवा. मी म्हटलं, "काट्यापायी डॉक्टर? लोक हासतीन."

पाचव्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "अवो, दुखनं थांबलं."

"पाह्य, म्या म्हटलं नव्हतं? उगी रडून राहिली होती."

"रडत कोन होतं? पोटीस बांधता बांधता तुमीच डोये पुसत होते."

दोघंही हसलो. मग फडकं सोडलं. बोटाचं टोक काळंनिळं अन् थंड. सुई टोचली, तिले कळलीच नाही.

मिळाली त्या मोटारीने अमरावती गाठली. रस्ताभर ती म्हणे, "दुखत तं नाही, कावून भेता?" मी तिच्या मनगटाकडे पाहत होतो. एक लाल रेघ वर चढत होती.

राजापेठेतल्या डॉक्टरने पहिलं विचारलं, "दुखायचं कधी थांबलं?" सकाळी म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"मांस मेलं, म्हणून दुखत नाही. पू म्हणजे काय? रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढून मरतात, त्या. मरताना त्यांच्यातला रस सांडतो. पोटातला रस अन्न जिरवतो ना, तसा हा मांस जिरवतो. जंतूंचा घास घेतो अन् आपलाही. बोटात कोंडला, की आतून खात सुटतो. चिरून वाट द्यायची, तर तुम्ही पिकवत बसलात!"

"हात वाचंन का, डॉक्टरसाहेब?"

"आज आलात म्हणून 'बघू' तरी म्हणतो."

तो आत गेला. मी बाहेर बाकावर बसलो. माझ्या हाताने मी तिचं बोट शिजवलं होतं.

हात वाचला, एक पेर गेलं. पुढे जन्मभर तिने त्या आखूड बोटाने भाकरी थापली. मले कधी बोलली नाही. बोलली असती तं बरं झालं असतं.

म्हातारपणी तिच्या पोटात दुखणं धरलं. औषध चालू होतं. एका दुपारी म्हणाली, "अवो, आता दुखत नाही." सून हसली, पोरगा हसला. मी तिचं आखूड बोट मुठीत धरलं अन् पोराले ओरडलो, "गाडी आन!"

गाडी येईपर्यंत ते बोट थंड पडलं होतं.