एकट्याने चढवलेली गाडी

गाडी पडली ती माझ्यामुळे. चेनला तेल घालायला मी माझी स्पोर्ट बाईक मागचं चाक उचलणाऱ्या सुट्या लोखंडी स्टँडवर चढवत होतो. माझी बायको सुनंदा म्हणाली, "मी हँडल धरते." मी म्हणालो, "तुला झेपायचं नाही, बाजूला हो." स्टँडचा एक हूक बसला, दुसरा निसटला आणि गाडी सुनंदाच्या पायावर आडवी झाली.

सगळी सोसायटी सांगू लागली, "काका, या वयात कशाला? विकून टाका." नाही विकणार. गुडघे कुरकुरतात तर कुरकुरू देत.

आज पायाचं प्लास्टर निघाल्यावर सुनंदा आपणहून पार्किंगमध्ये उतरली. तिने हँडल धरलं, ब्रेक आवळला. वरच्या गॅलरीतून शेजारी ओरडले, "वहिनी, परत?"

"परत!" ती तितक्याच जोरात म्हणाली. मग मला, "लावा आता. दोन्ही हूक बसल्याशिवाय स्टँडचा दांडा दाबायचा नाही."

टाकीवर टेकलेल्या तिच्या कोपराकडे मी बघत राहिलो. वेगासाठी घडवलेली ही गाडी, पण वजन वाढेल म्हणून तिला मधला स्टँडच दिलेला नाही. थांबली की ती कलते. सरळ उभं राहायला तिला दुसऱ्याचा हात लागतो आणि त्यात तिचं काही उणं होत नाही. उणेपणा मलाच वाटत आला, आयुष्यभर.

दोन्ही हूक बसले. मी दांडा दाबला, मागचं चाक अलगद उचललं गेलं. गॅलरीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी म्हणालो, "सुनंदा, त्या दिवशी मलाच झेपत नव्हतं. चुकलो मी. माफ कर."