ठोकचाचांची लाल रेघ

नवीकोरी दुर्बीण खोक्यातून बाहेर काढली की चाचा आधी तिला मारायचे. दुकानातल्या माझ्या पहिल्याच दिवशी मी ते पाहिलं आणि माझा हात आपोआप पुढे गेला. सहा हजार दिरहमची वस्तू, म्हणजे जवळजवळ दीड लाख रुपये, आणि हा पांढऱ्या दाढीचा माणूस रबरी हातोडीनं तिच्यावर ठाक ठाक ठोकत बसलेला. चाचा, गिऱ्हाईक बघतंय, असं मी हळूच म्हटलं. ते मान वर न करता म्हणाले, "बघू दे. त्याचीच आहे."

अबुधाबीतल्या त्या दुकानात आम्ही दोघेच मराठी. पुढच्या भागात तंबू, कंदील, शिकारी ससाण्यांच्या डोळ्यांवर चढवायच्या चामडी टोप्या. मागच्या भागात परवान्याच्या बंदुका आणि बंदुकांवर बसवायच्या शिकारीच्या दुर्बिणी. मी सर्व्हिस काउंटरवर, चाचा माझ्या मागच्या टेबलावर. बाकीचे त्यांना उस्ताद म्हणत. ठोकचाचा हे नाव मी ठेवलं, आणि महिन्याभरात केरळची पोरंसुद्धा ते तोंडभरून घेऊ लागली. चाचांना नाव आवडलं होतं की नाही, ते कधी कळलं नाही. हाक मारली की 'ओ' द्यायचे.

त्यांची पद्धत अशी. टेबलाला बोल्टनं आवळलेला एक लोखंडी शिकंजा होता आणि समोरच्या भिंतीवर चौकटी आखलेला कागद. दुर्बीण शिकंज्यात घट्ट धरायची, आतली नेम धरायची फुली कागदावरच्या एका ठिपक्यावर आणायची, आणि मग ठोकायला सुरुवात करायची. दहा ठोके, एकदा बघायचं. पुन्हा दहा, पुन्हा बघायचं. वीस मिनिटं हे चालायचं. फुली ठिपक्यावरून केसभर जरी सरकली तरी दुर्बीण परत खोक्यात. मग ती कुठल्या देशाची आहे, किती किमतीची आहे, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. "इथे माझ्या हातानं हलली तर बरं," ते म्हणायचे, "तिकडे डोंगरावर हलली तर मुक्या जनावराचं वाटोळं." कारण आमच्या गिऱ्हाइकांची शिकार इथे नसायची. ती माणसं परवाने काढून बर्फाच्या डोंगरांत जायची, आफ्रिकेत जायची. तिथे दुर्बीण बिघडली तर जवळ ना दुकान, ना चाचा.

चाचा मूळचे राजापूरकडचे. विशीत फुजैराला आले ते बंदरातल्या एका वर्कशॉपमध्ये. जहाजांवरचे गेज आणि कप्तानांच्या दुर्बिणी दुरुस्त करता करता हात बसला. पुढे या दुकानानं बोलावून घेतलं. चाळीस वर्षांत बायको दोनदा इथे येऊन गेली, उरलेला संसार वर्षातल्या चाळीस दिवसांच्या रजेत झाला. एकदा मी हिशेब करून त्यांना सांगणार होतो की तुम्ही एकूण किती वर्षं नवरा होतात, पण आकडा मनातच ठेवला. माझी निदान बायको आणि मुलगी इथे होती. मुलगी मराठीत विचारलेल्याचं इंग्रजीत उत्तर द्यायची, पण द्यायची.

दुर्बीण फुटत नाही, थकते, हे त्यांचं आवडतं वाक्य. आतल्या बारीक स्प्रिंगा फुलीला जागेवर धरून ठेवतात. दर गोळीचा धक्का त्या खातात, आणि एक दिवस धरायचं सोडून देतात. बाहेरून ओरखडासुद्धा दिसत नाही. ऑगस्टच्या उन्हात गाडीत दुर्बीण विसरणाऱ्या भल्या भल्या अरबांना ते दम भरायचे, आणि ती माणसं शाळेतल्या पोरांसारखी मान खाली घालून ऐकून घ्यायची. संध्याकाळी मी पाय ओढत बसच्या थांब्याकडे निघालो की माझ्याकडे बघून म्हणायचे, "देसाई, तुझीपण स्प्रिंग गेली रे." मी म्हणायचो, तुमची गेली नाही का? ते म्हणायचे, "माझी केव्हाच गेली. सवयीवर उभा आहे."

एकदा एक तरुण दुर्बीण घेऊन तावातावानं आला. धुकं धरतं, पैसे परत द्या. चाचांनी त्याचा दंड धरला आणि दुकानाच्या दाराबाहेर नेऊन उभं केलं. एसीतून त्या दमट गरम हवेत गेल्याबरोबर चाचांचा चष्मा पांढरा झाला. चष्मा पुसला, त्याची दुर्बीण पुसली, दोन्ही लख्ख. मग आत येऊन त्यांनी दुर्बीण कोमट पाण्याच्या टबात बुडवली. एकही बुडबुडा आला नाही. बाहेरचं धुकं पुसता येतं, आतलं नाही, एवढं त्याला हिंदीत समजावलं आणि चहा पाजून पाठवून दिलं.

आणि ती लाल रेघ. सगळ्या परीक्षा पास झालेल्या दुर्बिणीवर तिला बंदुकीला जोडणाऱ्या पट्ट्या बसवून, स्क्रू मोजून आवळून झाले की चाचा ड्रॉवरमधून नेलपॉलिशची बाटली काढायचे. काडीचं टोक बुडवून एक बारीक रेघ मारायचे: अर्धी पट्टीवर, अर्धी नळीवर. पट्टी जरा जरी घसरली तर रेघ तुटलेली दिसते. बाटली संपली की ते स्वतः जाऊन घेऊन यायचे, आणि तिथली विकणारी बाई हसून विचारायची, बायकोसाठी का? "माझी बायको नमाजी, वजू करताना नखाला पाणी लागायला हवं, ती कशाला लावते," असं हे गंभीरपणे सांगायचे, म्हणजे ती बाई आणखीनच हसायची. पण शिकाऱ्यांमध्ये त्या रेघेला मोल होतं. काउंटरवर दुर्बीण ठेवली की जुनी गिऱ्हाइकं किंमत विचारायच्या आधी रेघ शोधायची.

मॅनेजरला अर्थातच हे सगळं जड जायचं. एका नव्या कंपनीच्या बारा दुर्बिणी आल्या, चाचांनी सात पास केल्या. पाच परत पाठवायच्या म्हणजे पत्रव्यवहार, कटकट. मॅनेजर मला केबिनमध्ये बोलावून म्हणायचा की अंकल आता म्हातारे झालेत, जरा समजाव. मी बाहेर येऊन काहीच समजावत नसे. खरं सांगायचं तर मला कुणालाच काही समजावण्याचा कंटाळा आला होता. अठरा वर्षं तेच फोन, तेच 'इन्शाल्ला उद्या', तीच बस.

त्या दिवशी चाचांची व्हिसासाठी मेडिकल होती. साठी उलटल्यावर दर वेळी ती धाकधूक असतेच. निघताना म्हणाले, "आज मला ठोकायला बोलावलंय. बघू फुली हलते का." टेबलावर अबू सैफची दुर्बीण होती, अजून ठोकायची राहिलेली. अबू सैफ म्हणजे सत्तरीचे एक स्थानिक गृहस्थ, चाचांचे वीस वर्षांचे गिऱ्हाईक. डोंगरी बकऱ्याच्या शिकारीला निघायचे होते, दुर्बीण उद्या न्यायची होती. अकरा वाजता त्यांचा ड्रायव्हर दारात. विमान आजचं झालंय, यल्ला, चला, दुर्बीण द्या. मी चाचांना फोन लावला, बंद होता. पुन्हा लावला. ड्रायव्हर काउंटरवर बोटं वाजवत होता.

दुर्बीण नामांकित होती, महागाची होती. अशा दुर्बिणी चाचांच्या हाताखालून पास होताना मी शंभरदा पाहिल्या होत्या. वीस मिनिटं होती माझ्याकडे. ड्रायव्हरला बस म्हटलं असतं तर तो बसला असता. मी पट्ट्या आवळल्या, ड्रॉवर उघडला आणि बाटलीतल्याच ब्रशनं रेघ मारून टाकली.

चार वाजता चाचा परत आले, दंडाला सुईच्या जागी कापूस. टेबल रिकामं बघून विचारलं. अबू सैफचा ड्रायव्हर घेऊन गेला, मी सांगितलं. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "ठोकलीस?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि दुसरं खोकं उघडलं.

अबू सैफ तीन आठवड्यांनी आले. ओरडले नाहीत. दुर्बीण टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून बसले. हिंदी आणि अरबी मिसळून, थांबत थांबत सांगितलं. कॅम्पवर तीन गोळ्या मारून निशाणा नीट बसवला होता. मग दोन दिवस घोड्यावरून डोंगर चढले. बकरा समोर आला, बिस्मिल्ला म्हणून गोळी सोडली, ती मागच्या पायाला लागली. बकरा खडकांआड गेला. दीड दिवस रक्ताच्या मागावर हिंडले, मग बर्फ पडला आणि मागही गेला. पन्नास वर्षांत एक जनावर असं सोडून आलो नव्हतो, म्हणाले. मी उस्तादची रेघ बघून निघालो होतो, असंही म्हणाले.

चाचांनी दुर्बीण हातात घेतली. रेघेवरून अंगठा फिरवला. रेघ अखंड होती. पण जाड होती, ब्रशची होती. त्यांनी दुर्बीण शिकंज्यात धरली, फुली ठिपक्यावर आणली आणि ठोकलं. सहाव्या ठोक्याला फुली सरकली. मी काउंटरची कड धरून उभा होतो. आता ते माझ्याकडे वळतील, असं मला वाटलं. ते अबू सैफकडे वळले. छातीवर हात ठेवून अरबीत म्हणाले की चूक माझी आहे.

अबू सैफ गेल्यावर त्यांनी शिकंजा सैल केला. मी जवळ गेलो, काहीतरी बोलायला लागलो, तर त्यांनी हातानं थांबवलं.

"त्या दिवशी तुझ्या बोटाला लाल रंग होता," ते म्हणाले. "मी बघितला. म्हणून तर विचारलं. तू हो म्हणालास, म्हणून पुन्हा विचारलं नाही."

मग, माझ्याशी नव्हे, भिंतीवरच्या कागदाशी बोलल्यासारखं म्हणाले, "कुठं जाऊन पडलं असेल रे ते जनावर."

मॅनेजरला हवं होतं ते मिळालं. चाचा मेडिकल पास झाले होते, सगळे कागद तयार होते, पण कंपनीनं व्हिसाचं नूतनीकरण केलं नाही. एवढ्या जुन्या गिऱ्हाइकाचं काम बिघडवलं, खलास. मी दोनदा केबिनच्या दारापर्यंत गेलो. दुसऱ्यांदा चाचांनीच पाहिलं आणि हाक मारून परत बोलावलं. तुझी पोरगी दहावीला आहे, म्हणाले, मला काय, आज ना उद्या राजापूरलाच जायचंय. मी परतलो. त्यांनी परत बोलावलं म्हणून परतलो, असं मी बायकोला सांगितलं. खरं म्हणजे त्यांनी हाक मारली तेव्हा मला हायसं वाटलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

शेवटच्या दिवशी त्यांनी टेबल स्वतः पुसलं. भिंतीवर नवा कागद आखून चिकटवला. मग रबरी हातोडी माझ्यापुढे ठेवली आणि ड्रॉवरमधली नेलपॉलिशची बाटली काढून कुडत्याच्या खिशात टाकली. मी नकळत हात पुढे केला होता.

"हातोडी तुला," ते म्हणाले. "ही नाही."

विमानतळावर सोडायला मी गेलो. ट्रॉली त्यांनी मला ढकलू दिली, एवढंच. आत जाताना वळून बघितलं नाही. चाळीस वर्षांत इतक्यांदा गेले-आले होते की वळून बघण्याची सवयच राहिली नसावी.

त्यांच्या टेबलावर आता मी बसतो. कामाचा उत्साह वगैरे काही नाही, संध्याकाळी पाय तसेच ओढत जातात. पण खोकं उघडलं की वीस मिनिटं ठोकतो. ड्रायव्हर बोटं वाजवत असेल तर त्याला खुर्ची देतो. लोक विचारतात, लाल रेघ कुठे आहे? मी सांगतो, ज्याची होती तो घेऊन गेला.

गेल्या हिवाळ्यात अबू सैफ आले. नवी दुर्बीण घेतली, सवयीनं नळी फिरवून रेघ शोधली, आणि उस्ताद कुठे आहेत म्हणून विचारलं. गावी गेले, म्हटलं. तिथेच थांबता आलं असतं. पण तोंडून निघून गेलं की बाबा, ती रेघ त्यांची नव्हती. माझी होती. मी ठोकलं नव्हतं.

त्यांची बोटं नळीवर थांबली. आता दुर्बीण ठेवून निघून जातील, मॅनेजरला बोलावतील, असं वाटत होतं. त्यांनी दुर्बीण माझ्या दिशेनं सरकवली.

"ठोको," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.

मी ठोकायला लागलो. दहा ठोके, एकदा बघायचं. पुन्हा दहा. सत्तरी ओलांडलेला तो माणूस काठीवर हनुवटी टेकून वीस मिनिटं भिंतीवरच्या कागदाकडे बघत होता. फुली हलली नाही. पट्ट्या बसवल्या, स्क्रू मोजून आवळले. त्यांनी बोटानं पट्टीवर आडवी रेघ ओढल्याची खूण करून माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. नाही.

त्यांनी दुर्बीण तशीच उचलली आणि घेऊन गेले.