घटस्फोटितांचा गाळा

“अहो वकीलसाहेब, मी नवरा सोडलाय, धंदा नाही!” गळ्यातली टेप सारखी करत कटिंगवाली म्हणाली. शिलाई मशीनवर बसलेला तिचा आधीचा नवरा खाली मान घालून हसला.

दुकानाच्या गाळ्याचा करार नव्यानं करायचा होता. वकिलाच्या मसुद्यात भाडेकरू म्हणून ‘पती-पत्नी’ असं होतं आणि मालकालाही तेच हवं होतं.

“उद्या तुमचं बिनसलं तर?” मालकानं विचारलं.

“बिनसायचं ते बिनसून झालं,” मशीनवरून आवाज आला.

“मग पुन्हा लग्नच करून टाका की!”

गाळा गेला तर जोडलेली गिऱ्हाइकं जाणार होती. तरी बाई खरं तेच बोलली. “शेठ, लग्न होतं तेव्हा रोज भांडणं अन् आठवड्यात चार दिवस शटर खाली. वेगळे झालो तेव्हापासून दुकान कधी बंद दिसलं का तुम्हाला?”

मालकानं डोकं खाजवलं. मग वकिलाला म्हणाला, “घटस्फोटितच लिहा. अन् खाली अट घाला. यांनी एकमेकांशी पुन्हा लग्न केलं, तर करार रद्द!”

वकिलानं मसुद्यात तसं लिहून कागद पुढे केला. बाईनं झटक्यात सही ठोकली. “तुम्हीपण करा,” तिनं पेन मशीनकडे सरकवलं. “का काही विचार होता?”

“छे, छे!” म्हणत त्यानंही सही केली.

तिनं कात्री उचलली आणि अर्धवट राहिलेली बाही कापायला घेतली.