मोजून दिलेलं पाणी

खुर्चीत बसण्याआधी ते समोरचं पाण्याचं फुलपात्र दोन बोटांनी हळूच बाजूला सारायचे आणि म्हणायचे, "असू द्या. नंतर घेतो."

ते 'नंतर' कधी यायचं नाही. क्लिनिकची झाडलोट करणाऱ्या आणि आल्यागेल्याला पाणी देणाऱ्या आमच्या मावशी फुलपात्र उचलायला यायच्या, तेव्हा ते काठोकाठ तसंच असायचं. "कसला तरी नेम असेल," असं मावशी म्हणायच्या. मलाही तसंच वाटलं. आपल्याकडे माणसं काय काय सोडतात. कुणी काशीला जाऊन आवडती भाजी सोडून येतं, कुणी परक्याच्या घरचं पाणी घेत नाही.

नाशिक रोडला स्टेशनपासून जवळच एका सोसायटीत पहिल्या मजल्यावर माझं क्लिनिक आहे. मी आहारतज्ज्ञ. लोक म्हणतात 'डाएटवाल्या मॅडम'. माझ्याकडे येणारी माणसं तुम्ही पाहिलेलीच असणार, कदाचित तुम्हीही त्यांच्यातलेच असाल. कुणाला लेकीच्या लग्नाआधी ब्लाऊज बसायला हवा असतो, कुणी रक्तात साखर निघाली म्हणून घाबरून आलेलं असतं. "मी काही खातच नाही हो, तरी वाढतं," हे वाक्य तर मी झोपेतही ओळखेन. वर्षानुवर्षं खाल्लेलं सगळ्यांना महिन्यात उतरवून हवं असतं. अशांना मी जरा फटकन बोलते. त्याबद्दल माझी ख्यातीच आहे म्हणा.

हे गृहस्थ पहिल्यांदा आले ते जिन्यात धापा टाकत. ओझरला विमानाचे भाग बनतात, तिथे ते मशीनवर काम करायचे. अंगाने भरभक्कम, पोटावर शर्टाची बटणं ताणलेली, आणि चेहरा नुकतंच पोटभर जेवून उठल्यासारखा प्रसन्न.

"कशासाठी उतरवायचंय वजन?" मी विचारलं.

"कारभारणीला किडनी द्यायचीय. डॉक्टर म्हणतात, माल चांगला हाय, पॅकिंग लय जाड हाय."

आणि स्वतःच खदखदून हसले. मला हसू आलं नाही, कारण तोवर मी हातातला कागद वाचला होता. त्यांच्या बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आमच्याच रस्त्यावरच्या हॉस्पिटलात ते तिला डायलिसिसला आणायचे, आणि ती मशीनवर असेपर्यंतच्या वेळात माझ्याकडे यायचे. रक्तगट जुळला होता, बाकीच्याही तपासण्या जुळल्या होत्या. अडलं होतं ते यांच्या वजनापाशी आणि काठावरच्या साखरेपाशी. ती दोन्ही खाली आल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. या माणसाच्या पोटाच्या घेरावर एका बाईचा जीव अडकलेला होता.

किडनी देण्यासाठी वजन उतरवायला माझ्याकडे त्याआधीही आलेले होते, पण त्या सगळ्या बाया. कुणाची आई, कुणाची बायको, कुणाची बहीण. नवरा हा पहिलाच. मी तसं बोलूनही दाखवलं.

"आमच्या दादालाबी पटत नाय," ते म्हणाले. "म्हणतो, तू कमावता माणूस, अंगाशी खेळू नको. मी म्हटलं, दादा, हे अंग वाढवलं कोणी? तिच्याच भाकरीचं हाय ना? मग तिचा माल तिला."

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. "टॉलरन्स किती?" विमानाचा भाग कापायला देतात तेव्हा त्याचं माप सांगतात आणि त्या मापात केसाएवढं कमीजास्त किती चालेल तेही सांगतात, त्याला टॉलरन्स म्हणतात, हे मला त्यांनीच शिकवलं. मी जेवणाला एक भाकरी सांगितली की हे लगेच, "टॉलरन्स किती?"

"शून्य."

"शून्य टॉलरन्स विमानालाबी नसतो, मॅडम. माणसाला कुठून आणता?"

मग मी पाव भाकरी वाढवून द्यायचे. दुसऱ्या कुणाला दिली नसती. एकदा मिसळ बंद म्हटल्यावर त्यांनी मान खाली घातली. "वास घेतला तर?" म्हणाले. म्हटलं, घ्या. "लांबून का जवळून?" कॅन्टीनला वडा असायचा त्या दिवशी त्यांचे दोन मित्र त्यांच्या दोन्ही अंगांना बसायचे, यांचा हात कुणाच्या बशीपर्यंत जाऊ नये म्हणून. "पोलीस बंदोबस्तात जेवतो," असं सांगून हसायचे.

घाई मात्र त्यांनाही होती, आणि त्यांच्या घाईला मी हसू शकत नव्हते. "महिनाभर उपाशीच राहतो ना, मॅडम. मला जमंल."

"उपाशी राहून घालवलेलं वजन पाहुण्यासारखं परत येतं, आणि मुक्कामाला येतं," मी म्हटलं. "एक किडनी देऊन उरलेल्या एकीवर तुम्हाला म्हातारं व्हायचंय. ती नीट राहायला हवी. सावकाश उतरवायचं."

त्यांनी ऐकलं. वजन सावकाश पण इमानाने उतरत गेलं. जिन्यातली धाप थांबली. शर्ट ढगळ झाला.

एकदा डायलिसिस झाल्यावर ते बायकोलाच घेऊन वर आले. वहिनींचं माहेर देवळ्याकडचं, कांद्याचं घर. शेतात वाढलेला बांधा, पण आता नुसती हाडं उरलेली. रंग काळवंडलेला, डाव्या हाताची शीर सुया टोचून फुगलेली. डोळे मात्र मिस्कील.

"ताई, यांच्या पँटा आटवून आटवून माझी शिलाई मशीन झिजली," त्या म्हणाल्या. "जन्मभर मला खा खा म्हणून मागं लागले, आता पथ्यापायी माझ्याच ताटातलं काढून घ्यायला शिकले बघा."

मावशींनी सवयीने दोन फुलपात्रं आणून ठेवली. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून असतं. किडनी काम करत नाही, प्यायलेलं बाहेर पडत नाही, ते छातीत साठतं. वहिनींनी त्या पाण्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "माझं आजचं झालं, ताई." यांनी लगेच दोन्ही फुलपात्रं बाजूला सारली. "असू द्या. नंतर घेतो."

"तुम्ही तरी प्या," मी म्हटलं. "तुम्हाला भरपूर प्यायला सांगितलंय ना?"

"पितो की. कारखान्यात गार पाण्याची टाकी हाय, तिथं पितो."

"घरात माठसुद्धा ठेवला नाय यांनी," वहिनी म्हणाल्या. "मला दिसायला नको म्हणून शेजारी देऊन टाकला. कारखान्यातच पितात म्हणे." बोलता बोलता त्यांनी नवऱ्याकडे निरखून पाहिलं. ते भिंतीवरचा फळांचा तक्ता वाचायला लागले.

त्या उन्हाळ्यात मशीनवर उभे असतानाच त्यांच्या पाठीतून कळ गेली. सोबत्यांनी उचलून दवाखान्यात नेलं. मुतखडा निघाला. ऑपरेशनच्या पुढच्या सगळ्या तपासण्या थांबल्या. खडा पडेपर्यंत आणि तो का झाला ते कळेपर्यंत किडनी घेता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

माझ्याकडे आले तेव्हा एका कुशीवर कलून चालत होते. मी विचारलं, "पाणी किती पिता? खरं सांगा."

ते म्हणाले, "तिच्याएवढं."

"म्हणजे?"

"तिला मोजून द्यायचं अन् आपण तांब्यानं घटाघटा प्यायचं? नाय उतरत घशाखाली. कारखान्यात गेलो, टाकीसमोर उभा राहिलो, तरी नाय उतरत."

मग सगळंच बाहेर आलं. भाजीसुद्धा तिचीच खात होते, उकडून पाणी फेकून दिलेली, अळणी. नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. बायकोच्या पथ्यात जेवणारा नवरा मी पाहिला नव्हता.

मला भयंकर राग आला. मी टेबलावर हात आपटला. "ती किडनी आता तुमची राहिलेली नाही. तिची आहे. आणि तिच्या किडनीला तुम्ही भर उन्हाळ्यात तहानलेलं ठेवलंत."

त्यांनी फुलपात्र जवळ ओढलं आणि एका दमात पाणी प्यायलं. दारातून मावशी बघतच राहिल्या.

त्यानंतर कारभार वहिनींनी हातात घेतला. शेजाऱ्यांकडून माठ परत आणवला. "सकाळी समोर बसवते," ते सांगत होते. "तांब्या भरून घेते. प्यायलो की फुलपात्र उपडं करून दाखवायचं. थेंब पडला की पुन्हा भरते."

"त्यांना त्रास नाही होत बघून?"

"मीबी तेच म्हटलं. तर म्हणते, तुम्ही प्या, मी बघते. बघूनच गार वाटतं."

हे सांगताना ते हसले नाहीत. त्यांचा हसरा चेहरा बाजूला ठेवला तर खाली किती थकवा होता, ते मला त्या दिवशी दिसलं.

खडा पडला. साखर खाली आली. वजन डॉक्टरांनी सांगितलेल्या जागी येऊन बसलं आणि तिथे टिकलं. हॉस्पिटलातून पुन्हा तपासण्यांचं बोलावणं आलं, त्या दिवशी ते पेरू घेऊन आले. मला एक, मावशींना एक. "पेढे आणणार होतो," म्हणाले, "पण टॉलरन्स विचारायचा राहिला."

त्यांना इतकं आनंदात मी नंतर कधी पाहिलं नाही. कारण त्याच आठवड्यात वहिनींना ताप आला. डायलिसिसच्या माणसाच्या अंगात ताकद ती किती असते. संसर्ग रक्तात पसरला आणि चार दिवसांत त्या गेल्या. मावशींनी खालून मेडिकलवाल्याकडून बातमी आणली. दुपारच्या पेशंटना मी परत पाठवलं.

तेरावा झाल्यावर ते आले. डोकं तासलेलं, अंगात वहिनींनी आटवलेली पँट. खुर्चीत न बसता चपला काढून आधी काट्यावर उभे राहिले.

"बरोबर मापात हाय, मॅडम," खाली बघत म्हणाले. "आता कोणाला देऊ?"

मी त्यांना बसवलं. ऑपरेशनला परवानग्या लागतात, तसाही वेळ गेलाच असता, असं काहीबाही सांगत राहिले. त्यात खोटं काही नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खड्यानं उन्हाळा खाल्ला." त्यांचा मला तेव्हाही राग होता, आजही थोडा आहे. इतका जीव लावायचा तर जरा डोकं ठेवून लावावा. पण हे कुणाला शिकवायचं, आणि शिकवणारी मी कोण.

मावशींनी पाणी आणून ठेवलं. त्यांनी ते बाजूला सारलं नाही, नुसते बघत राहिले.

"ताप आला त्या दुपारची गोष्ट," ते म्हणाले. "दिवसाचं पाणी संपलं होतं तिचं. म्हणाली, एक घोट द्या ना, घसा लय सुकलाय. मी म्हटलं, आता नाय, उद्या सकाळी. पुन्हा मागितलं नाय तिनं. दुसऱ्या दिवशी नळ्या घातल्या, मग काय देणार." ते थांबले. "जन्मभर सगळ्यांकडं टॉलरन्स मागत फिरलो, मॅडम. तिला एका घोटाचा दिला नाय."

मी म्हटलं, "तुम्ही डॉक्टरांचं ऐकलंत."

"हो. ऐकलं." त्यांनी मान हलवली. "दहाव्याला रामकुंडावर गुरुजी म्हणाले, पाणी द्या. ओंजळी भरभरून दिलं. गुरुजी म्हणाले, पुरे, झालं. मी देतच राहिलो. भावानं हात धरला, तेव्हा थांबलो."

ते उठले. चपला घातल्या, मला आणि मावशींना नमस्कार केला आणि जिना उतरून गेले. फुलपात्र टेबलावर भरलेलं तसंच होतं. मावशी ते उचलणार, तेवढ्यात जिन्यात पुन्हा पावलं वाजली. ते परत आले होते.

"राहिलंच," म्हणाले. "ओरडंल मला."

उभ्यानेच त्यांनी सगळं पाणी प्यायलं, सावकाश, तळापर्यंत. मग फुलपात्र उपडं करून दाखवलं. समोर मी होते, पण दाखवत ते मला नव्हते. थेंब पडला नाही. फुलपात्र टेबलावर ठेवून ते गेले, आणि त्यानंतर माझ्याकडे कधी आले नाहीत.