दोन ते साडेतीन फोन बंद

विमलताईच्या घरी फोन आला, तेव्हा त्यासाठी अर्ज करणारा माणूस जाऊन आठ महिने झाले होते. तिचा नवरा कमळाकर पेणच्या एस.टी. डेपोत कारकून होता. अर्ज करून तो नंबर लागायची वाट बघत बसला आणि वाट बघतच गेला. १९९३ साली तार ओढून माणसं दारात उभी राहिली. ताईला फोन नको होता, पण नवऱ्याने मागवलेली वस्तू परत कशी पाठवायची, म्हणून तिने तो ठेवून घेतला. इथेच ती फसली.

आमचं गाव पेणच्या खाडीकडे, सत्तर उंबऱ्यांचं. अर्धं गाव मिठागरावर, अर्धं भातशेतीत. फोन एकच. महिन्याभरात ताईचा नंबर सगळ्या गावाचा पी.पी. नंबर, म्हणजे शेजारघरचा निरोपाचा नंबर, झाला. मुंबईतल्या पोरांच्या डायऱ्यांत, लग्नपत्रिकांवर, नोकरीच्या अर्जांवर, जिथे बघाल तिथे तोच नंबर आणि पुढे ‘पी.पी.’. तिला विचारायची तसदी कोणी घेतली नाही. मीही नाही. मी रोह्याला एका कंपनीत लागलो होतो, तिथल्या रजिस्टरमध्ये मी तोच नंबर दिला.

फोन यायचा, “जरा पुंडलिककाकांना बोलवा, पाच मिनिटांनी परत करतो.” ताई चपला घालून खालच्या आळीत पळायची. काका यायचे, बोलायचे, मग “बस जरा” म्हणत स्वतःच बसायचे आणि चहा घेऊन उठायचे. तोवर दुसरा फोन. ताई सकाळी बालवाडी घ्यायची. दुपार तेवढी तिची, ती गावाने खाल्ली.

आणि नेमकी दुपारच तिला हवी होती. तिची आई धोंडुबाई तिच्याकडेच राहायची. धोंडुबाई धवलारीण. आमच्या आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचा धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, असतो, आणि ते गाणारी बाई नसेल तर लग्न लागल्यासारखं वाटत नाही. खाडीकडच्या गावांतली निम्मी लग्नं धोंडुबाईने लावली असतील. तिच्यापाशी बारा मोठे धवले होते, एकेक पाऊण तासाचा. सगळे तोंडपाठ, कागदावर एक ओळ नाही. मागे शिकणारी कोणी नव्हती, कारण पोरींना सिनेमाच्या गाण्यांचा बँजो हवा होता.

सत्तरी ओलांडल्यावर धोंडुबाईचं डोकं विरायला लागलं. सकाळी ती झोपेत असायची, संध्याकाळ झाली की “मना घरी जायचं” म्हणून दार धरायची. जेवणानंतरचा तास-दीड तास मात्र ती जागेवर असायची. ताईने शंभरपानी वही आणली आणि त्या वेळात आईला गायला लावून लिहून घ्यायला बसली. जे लिहिलं ते राहणार, जे राहून गेलं ते आईबरोबर जाणार, इतका साधा हिशोब होता.

अडचण एकच. धवला मध्ये तुटला की धोंडुबाईला तिथून पुढे धरता येत नसे. पहिल्यापासून सुरू करावं लागायचं, आणि तेवढा दम तिच्यात नसायचा. म्हणजे एक फोन वाजला की त्या दिवसाचं लिखाण गेलं. पहिल्या वर्षात ताईचे फक्त दोन धवले पुरे झाले. त्या वर्षी आम्ही सगळे तिला म्हणायचो, “विमल, तुझ्यामुळं गावाची सोय झाली गो!”

पंच्याण्णव साली तिने बालवाडीचा खडू घेतला आणि दारावर लिहिलं : दोन ते साडेतीन फोन बंद. त्या वेळात ती रिसीव्हर काढून उशीखाली ठेवायची.

गावाने जे केलं ते सांगायची मला लाज वाटते. दार वाजवून बायका बोलून जायच्या, “फोन हाय तं घ्यायला कं होतं? आईची गानी कोन ऐकनार हाय आता?” नळावर तिचा हंडा मागे सारायला लागले. पुंडलिककाकांनी तर चावडीवर विषय काढला, की बालवाडीच्या बाईला शिंगं फुटली. त्यांच्या मुंबईच्या पोराचा फोन दोनदा लागला नव्हता. तो नंतर लागला, पोरगा ठणठणीत होता, पण काकांचा राग काही उतरला नाही.  ताई दाराला कडी लावायची आणि लिहायची. त्या एका वर्षात तिने नऊ धवले उतरवले. कमळाकर गेल्यानंतर तिच्या चेहऱ्यावर हसू पहिल्यांदा मी तेव्हा बघितलं.

बारावा राहिला होता. पाठवणीचा, नवरी उंबरा ओलांडते तेव्हाचा. तो गायला धोंडुबाई तयारच होत नव्हती. घरात लगीन नसताना पाठवणी गायची नसते, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. “कोनाला घालवू गो मी? घरात नवरी हाय का?” असं म्हणून ती तोंड फिरवायची. ताईने विनवलं, रागावून बघितलं, लग्नाचा फोटो पुढे धरला. काही उपयोग झाला नाही.

याच दिवसांत मी एका रविवारी गावी आलो आणि ताईकडे गेलो. माझी दुसरी पाळी तीनला सुरू व्हायची आणि अडीचला मी रोह्याच्या बूथवरून जायचो. म्हणजे मला फोनला तीच वेळ सापडायची. बाकीच्या वेळेला मी झोपलेला असायचो किंवा पत्ते खेळत असायचो, ते मी तिला सांगितलं नाही.

“ताय, घरात आई नि धाकटी बहीन, दोघी बायकाच. कोनाला काय झालं तर मला कलायचं कसं?”

“तुझी आई काल डोईवर मिठाची पाटी घेऊन गेली माझ्यासमोरून,” ताई म्हणाली.

“तरी पन. मी काय परका हाय का?”

मी तिच्या शेजारच्या घरातला. कमळाकरभावजींना खांदा दिलेला. तो खांदा मी त्या दिवशी वापरला. बोललो नाही, पण त्यांच्या फोटोकडे बघत उभा राहिलो. 

“गुरुवारी अडीचला,” शेवटी ती म्हणाली. “फक्त तुझा. दोन मिनिटं. बाकी कोनाला सांगू नको, हिरा.”

मी बाहेर पडून पाच जणांना सांगितलं. हिरामणसाठी विमलने फोन खुला ठेवला, याचा मला केवढा तोरा! त्यानंतर दर गुरुवारी मी नेमाने फोन करत राहिलो. सांगण्यासारखं काही असो वा नसो. काही आठवड्यांनी गुरुवारीही फोन लागेनासा झाला, तेव्हा विमल फिरली म्हणून मी रुसलो.

पुढच्या पावसाळ्यात धोंडुबाई गेली. सत्त्याण्णवच्या मे महिन्यात माझी धाकटी बहीण प्रतीक्षा हिचं लग्न निघालं. आई हटूनच बसली, की बँजो पाहिजे तर वाजवा, पण विधीला धवलेच होतील आणि विमलच म्हणेल. विधवा बाई पुढे कशी, म्हणून दोघीतिघी कुजबुजल्या. आईने त्यांना गप्प केलं.

ताई वही घेऊन आली. हळदीला तिने सुरुवात केली, तेव्हा आवाज कापत होता. तिसऱ्या ओळीला म्हाताऱ्या बायका तिच्या मागून उचलायला लागल्या, आणि पुंडलिककाका, तेच ते चावडीवर बोललेले, डोळे पुसत उठून गेले. दोन दिवस ती गात होती. मांडवात बसलेली प्रत्येक बाई आपापलं लग्न आठवून रडत होती.

पाठवणीची वेळ आली. प्रतीक्षा उंबऱ्यात उभी राहिली, आईने तिचा हात धरला. ताईने वही न बघता सुरू केलं :

“दारी हंडा भरला गो बाय, आथा उचलील कोन,
चुलीम्होरं पाट मांडला, आथा बसंल कोन...”

आणि ती थांबली. आम्हाला वाटलं, श्वास घेतेय. प्रतीक्षा एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून वाट बघत होती. ताईचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. वऱ्हाडातल्या कोणीतरी घाई केली, बँजो सुरू झाला आणि माझी बहीण सिनेमाच्या गाण्यावर घराबाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी मी ताईकडे गेलो. खरं सांगायचं तर जाब विचारायलाच गेलो. बहिणीच्या पाठवणीला अर्धवट गाणं, लोक काय म्हणतील, वगैरे.

“विसरलीस का गो ताय? वही होती ना हातात?”

तिने वही माझ्यापुढे टाकली. शेवटचं पान उघडं होतं. त्यावर त्या दोन ओळी आणि खाली कोरा कागद.

“पुढं?”

“पुढं तुझा फोन आला.”

ती रागावली नव्हती. भांडी पुसत होती, ती पुसतच राहिली. मग तिने सांगितलं. तो गुरुवार होता. माझा फोन होईपर्यंत ती गुरुवारी वही उघडायचीच नाही. पण त्या दिवशी जेवण झाल्यावर धोंडुबाई तिच्याकडे बघतच राहिली आणि तिला लेक नवरी दिसली. तिने ताईच्या डोक्यावर पदर ओढला, हनुवटी धरली आणि कोणी न सांगता पाठवणी सुरू केली. ताईने हाताला लागली ती पेन्सिल उचलली. फोन दोन हातांवर होता. उठून रिसीव्हर काढावा असं तिच्या मनात आलं, पण आईच्या हातातली हनुवटी सोडवली तर गाणं तुटेल, म्हणून ती हलली नाही. दोन ओळी झाल्या आणि घंटा वाजली. धोंडुबाई दचकली. “वऱ्हाड आलं का गो?” म्हणाली आणि दाराकडे बघत बसली. त्यानंतर तिला लेक कधी नवरी दिसली नाही. मरेपर्यंत पाच महिने रोज दुपारी, गुरुवारीसुद्धा, रिसीव्हर उशीखाली ठेवून ताई डोक्यावर पदर घेऊन आईपुढे बसत होती.

“मला सांगायचंस तरी,” मी म्हणालो. 

“सांगून कं झालं असतं?”

“काय बोललो होतो मी त्या दिवशी?”

“आईला सांग, सुकट पाठव, बोललास,” ताई म्हणाली. “मी लगेच जाऊन सांगितलं तिला. मिलाली ना?”

मिळाली होती. शनिवारी मिळाली होती आणि मी ती खाल्ली होती.